चार क्लिपांचा डबा

गाडी माझ्या नावावर आहे. चालवते मी. हप्तेही माझ्याच पगारातून गेले. तरीसुद्धा सर्व्हिसिंगहून गाडी घ्यायला आम्ही दोघे गेलो, की काउंटरवरचा तरुण बिलाचा कागद माझ्या हातात न देता ह्यांच्यापुढे धरायचा. "सर, ऑईल बदललंय, एअर फिल्टर नवीन टाकलाय, प्लग साफ केलेत," असे तो ह्यांना समजावून सांगायचा आणि हे गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे. आता आमच्या ह्यांना गाडीतले किती कळते, ते मला ठाऊक आहे. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस. पेट्रोलचे झाकण डावीकडे आहे की उजवीकडे, हेसुद्धा त्यांना पंपावर गेल्यावर आठवते. पण मान अशी काही डोलवायचे, की इंजिन ह्यांनीच बसवले असावे असे समोरच्याला वाटावे. मी मुकाट्याने पर्समधून पैसे काढायची.

एकदा मात्र न राहवून मी विचारले, "हा एअर फिल्टर नेमका असतो कुठे?" त्या तरुणाने लहान मुलीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "मॅडम, ते जरा टेक्निकल असतं."

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत २९ वर्षे विज्ञान शिकवले. 'ज्वलन' हा धडा तर मला झोपेतही शिकवता येईल. ज्वलनाला इंधन लागते, हवा लागते, पुरेसे तापमान लागते, हे वाक्य मी किती हजार मुलांकडून पाठ करून घेतले असेल, याची गणती नाही. आणि त्याच ज्वलनावर चालणाऱ्या माझ्या स्वतःच्या गाडीत हवा कुठून शिरते, हे मला माहीत नव्हते. 'टेक्निकल' या शब्दापुढे मी गप्प बसले. राग त्या तरुणाचा आला होता. तो खरे तर स्वतःचा यायला हवा होता, हे कळायला आणखी पंधरा दिवस लागले.

पंधरा दिवसांनी निफाडला भावाकडे निघाले होते. वाटेत टायर पंक्चर झाला. स्टेपनी लावून जेमतेम पुढे आले, तो रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड असलेले एक गॅरेज दिसले. आतून हात पुसत एक गृहस्थ आले आणि थेट वाकून नमस्कार करते झाले. "बाई, ओळखलंत का?" मी ओळखले नव्हते. त्यांनी नाव सांगितले तेव्हा ओळखले आणि जराशी ओशाळलेही. नववीत विज्ञानात नापास झालेला, शेवटच्या बाकावरचा मुलगा. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी लाल शाईने काय शेरा मारला होता, तो मला आठवला. त्यालाही आठवत असणार. पण त्याने तो विषय काढला नाही. चहा मागवला.

पंक्चर निघेपर्यंत त्याने आपणहून बॉनेट उघडले. एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, फिल्टर कधी बदलला?" मी ऐटीत सांगितले, "पंधरा दिवसांपूर्वीच. बिल आहे माझ्याकडे." तो काही बोलला नाही. डब्याच्या चार क्लिपा अंगठ्याने टकटक उघडल्या, झाकण उचलले, आतून घड्याघड्यांची एक चौकट काढली आणि जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून तिच्यावर हलकेच आपटली. राखाडी धुळीचा ढीग पडला. त्यात पाकोळ्यांचे पंख होते, दोन मेलेल्या माश्या होत्या आणि कडुनिंबाचे एक वाळलेले पान होते.

"बाई, हा निदान दोन उन्हाळे पाहिलेला आहे," एवढेच तो म्हणाला.

त्या सर्व्हिस सेंटरचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण आज एकाचे लिहिले तर उद्या दुसऱ्याचे लिहावे लागेल. शिवाय मला जे सांगायचे आहे ते त्यांच्याबद्दल नाहीच. न बदललेल्या वस्तूचे पैसे त्यांनी घेतले, ही लबाडी झाली, आणि मी जाऊन भांडून ते पैसे परतही घेतले. पण विचार केला, तेव्हा लक्षात आले, की ही लबाडी करायला त्यांना काही विशेष कसब लागले नव्हते. मी झाकण उघडून पाहणार नाही, एवढी खात्री पुरेशी होती. त्या डब्याला ना कुलूप होते, ना सील. नुसत्या चार क्लिपा! आमच्या फराळाच्या डब्याचे झाकण त्याहून घट्ट बसते.

आता विज्ञानाच्या बाई आहे म्हटल्यावर थोडा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने जवळजवळ १५ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ११ किलो हवा म्हणजे सुमारे ९ ते १० हजार लिटर! आता दुसरीकडे पाहा. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा आत घेतो आणि मिनिटाला १२ ते १५ श्वास घेतो. दिवसाचा गुणाकार केला, की तोही आकडा ९-१० हजार लिटरच्या आसपासच येतो. म्हणजे एक धडधाकट माणूस दिवसभरात जेवढी हवा घेतो, तेवढी आपली गाडी एका लिटरमागे ओढून घेते. नाशिकहून पुण्याला लेकीकडे जाऊन पोचेपर्यंत माझी गाडी एका माणसाचे दोन आठवड्यांचे श्वास घेऊन मोकळी होते. तीन लिटर पेट्रोल जाळले, की दहा बाय दहाची अख्खी खोली तिने रिकामी केली म्हणून समजा.

ही हवा काही देवळातल्या गाभाऱ्यातली नसते. रस्त्याच्या खोदकामाची, बांधकामाच्या वाळूची, पुढच्या ट्रकने उडवलेली ती हवा असते. वाळूच्या कणात स्फटिक असतो आणि तो इंजिनातल्या लोखंडापेक्षा कठीण असतो. असे कण आत गेले, तर सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतींवर आणि पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपर घासल्यासारखे चरे पाडतात, तेलात मिसळतात आणि इंजिनाचे आयुष्य हळूहळू कुरतडतात. त्यांना दारातच अडवण्यासाठी तो घड्यांचा कागद. घड्या कशासाठी? लहान डब्यात जास्त कागद मावावा म्हणून. नऊवारी लुगडे जसे निऱ्यांमध्ये मावते, तसा. निऱ्या उलगडल्या, की लांबच लांब पट्टा निघतो, आणि तेवढ्या सगळ्या अंगाने तो धूळ धरून ठेवतो.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने मला फिल्टर विकला नाही. त्याच्याकडे माझ्या गाडीचा नव्हताच. त्याने गाडीच्या पुस्तिकेतून नेमका नंबर काढून एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि सांगितले, "बाई, नाशिकला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळेल. तुम्हीच टाका. स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही." मला तो साडेतीनशे रुपयांना मिळाला. काही गाड्यांच्या डब्याला क्लिपांऐवजी स्क्रू असतात, तेव्हा मात्र घरातला पेचकस काढावा लागतो.

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडले. हे गॅलरीतून ओरडले, "अगं, कशाला हात काळे करतेस? सोसायटीतली माणसं बघतायत!" बघत होतीच. तळमजल्यावरचे काका तर खुर्ची घेऊन बसले. मी इंजिन थंड असल्याची खात्री केली, किल्ली काढून पदरात बांधली, हँडब्रेक ओढला. डब्यावरची धूळ ओल्या फडक्याने आधी पुसली, म्हणजे झाकण उघडताच ती आत पडू नये. क्लिपा उघडल्या. जुना फिल्टर कोणत्या बाजूने बसला आहे ते नीट पाहून घेतले आणि मग तो सरळ वर उचलला, वेडावाकडा झटकला नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर स्वच्छ फडके धरले आणि डब्याच्या तळाची माती पुसून काढली. नवीन फिल्टर ठेवला. त्याच्या कडेची रबराची पट्टी खाचेत सगळीकडून बसली का, हे बोट फिरवून पाहिले. फडके आठवणीने काढून घेतले, झाकण लावले, चारही क्लिपा बंद केल्या. दहा मिनिटे लागली. त्यातली पाच काकांच्या सूचना ऐकण्यात गेली.

यात महत्त्वाची गोष्ट एकच, ती रबराची पट्टी. फिल्टर मळलेला असेल, तर गाडीला दम लागतो, जोर कमी पडतो. पण फिल्टर वाकडा बसला किंवा फाटका असला, तर धूळ बाजूच्या फटीतून सरळ आत जाते. मळक्या फिल्टरपेक्षा हे जास्त वाईट. म्हणून कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही, आणि पेट्रोल पंपावरच्या हवेच्या जोरदार फवाऱ्यापुढे धरायचाही नाही. त्याने कागदाला न दिसणारी भोके पडतात.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. "फिल्टर बदला, मायलेज वाढेल," असे आपण नेहमी ऐकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यात तथ्य होते. हवा कमी पडली, की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढायचे. आजच्या गाडीत किती हवा आली ते मोजून संगणक तेवढेच पेट्रोल सोडतो. २००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या, तेव्हा नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेग घ्यायला मात्र त्यांना जास्त वेळ लागला. शिवाय थोडासा मळलेला फिल्टर अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, कारण साचलेली धूळच पुढच्या धुळीला चाळणी होते. तेव्हा दर दोन महिन्यांनी नवा फिल्टर घालणे हाही शहाणपणा नव्हे. पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात, आणि धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर बदला असेही लिहिलेले असते. तुमचा रस्ता कोणता, हे ज्याचे त्याने डबा उघडून ठरवावे. पाहणे महत्त्वाचे, बदलणे त्यानंतर.

माझे म्हणणे नेमके हेच आहे. आपण पाहायचेच सोडून दिले आहे.

एके काळी असे नव्हते. रस्त्याच्या कडेला स्कूटर तिरकी करून उभे असलेले, पॉलिश पेपरने प्लग घासणारे कारकून, प्राध्यापक, एलआयसीचे एजंट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांतल्या कोणाला आपण मेकॅनिक झालो असे वाटत नव्हते. स्कूटर आपली, बंद पडली, तर चालू आपणच करायची, इतका साधा मामला होता. निफाडला माझा भाऊ आजही तेच करतो. त्याच्या जुन्या ट्रॅक्टरला कागदाचा फिल्टर नाही, तेलाची वाटी आहे. हवा तेलावरून आणि ओल्या जाळीतून जाते, धूळ तेलात बसते. मळणीच्या दिवसांत तो रोज ती वाटी उघडून पाहतो, गाळ काढतो, तेल भरतो. भाऊ मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. आमच्या घरात शिकलेली म्हणून मान मला. पण आपले यंत्र श्वास कसा घेते, हे त्याला चाळीस वर्षे माहीत आहे आणि मला परवा कळले.

हे असे का झाले? मला वाटते, आम्ही शिक्षकांनीच ते केले. १९३७ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार देशापुढे ठेवला. पुढे आमच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा विषय आला. त्या तासाला आम्ही काय केले? खरे सांगते, मी गणिताच्या बाईंना तो तास देऊन टाकायची, किंवा स्वतःच विज्ञानाचा मागे पडलेला धडा उरकायची. वहीत शेरा मात्र सगळ्यांना 'उत्तम' असायचा. मुलांना न बोलता एक गोष्ट पक्की कळली. हाताने करायचे ते काम हलके, डोक्याने करायचे ते भारी. हुशार मुलाचे हात पांढरे राहतात, आणि ज्याचे काळे होतात तो नापास झालेला असतो.

चहा पिताना मी माझ्या त्या विद्यार्थ्याला म्हटले होते, "अरे, तुला ज्वलनाचा धडा कधी आला नाही, आणि आता तूच मला तो शिकवतोयस." तो हसला. म्हणाला, "बाई, पेल्याखाली मेणबत्ती विझते, तो प्रयोग होता ना? तुम्ही फळ्यावर फार छान काढला होतात. रंगीत खडूंनी." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरेच, त्याला चित्र आवडले होते. पण मी घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत राहिले. फळ्यावर काढला होता. २९ वर्षांत मी ती मेणबत्ती किती वेळा पेटवली असेल? तपासणीला साहेब यायचे तेव्हा.

कोणी म्हणेल, सगळेच घरी करायला लागले, तर गॅरेजवाल्यांनी खायचे काय? हा प्रश्न मी त्यालाच विचारला होता. त्याचे उत्तर असे, की चार क्लिपा उघडल्याने कोणाचे दुकान बंद पडत नाही. उलट ज्याने एकदा आत डोकावले आहे, त्याला कामाची किंमत कळते. तो मजुरीवरून घासाघीस कमी करतो. जो कधीच पाहत नाही, त्याला फसवणाराही भेटतो आणि प्रामाणिक माणसावर तो संशयही घेतो. मला हे पटले. आपले अज्ञान लबाड माणसाला फायद्याचे आणि भल्या माणसाला जाचक असते.

आणि याचा अर्थ उठून ब्रेक खोलायला बसावे, असा मुळीच नाही. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना हात लावू नये. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींपासून तर दूरच राहावे, त्यांत जिवावर बेतणारा दाब असतो. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी विचारून घ्यावे, फिल्टरची पावती जपून ठेवावी. कुठे थांबायचे, हे कळणे हासुद्धा ज्ञानाचाच भाग आहे. पण जिथे सुरुवातच करायची नाही, तिथे थांबण्याची रेषा तरी कशी कळणार? विजेच्या गाड्या वाढतील तसा हा डबा एक दिवस नाहीसाही होईल. त्या गाडीला इंजिनच नाही, तर त्याचा श्वास कुठला. पण घरात दुसरा कुठला तरी डबा असेलच, आणि त्यावर 'टेक्निकल' असे म्हणणारा कोणीतरीही असेल.

यंदा पुन्हा फिल्टर बदलायची वेळ आली, तेव्हा नातीला बरोबर घेतले. ती नऊ वर्षांची आहे. क्लिपा तिनेच उघडल्या. काळा पडलेला कागद पाहून तिने विचारले, "आजी, ही सगळी धूळ आपल्या रस्त्यावरची?" मी हो म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गाडीला हा आहे. मग शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना काय आहे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि फळ्यावर काढून दाखवण्यासारखेही ते नव्हते. पण डबा उघडला नसता, तर तिला हा प्रश्न पडलाच नसता. नव्या फिल्टरच्या कडेवर तिने बॉलपेनने तारीख आणि किलोमीटर लिहिले. आता कोणी बदलला म्हणाले, तर आम्हाला कळेल.

मागच्या सर्व्हिसिंगला मी एकटीच गेले. काउंटरवर नवा मुलगा होता. त्याने बिल काढले आणि सवयीने माझ्यामागे कोणी 'सर' उभे आहेत का, ते पाहिले. मी म्हटले, "बाळा, आधी बॉनेट उघड."

तेव्हा वाचकहो, ही पुरवणी वाचून झाली, की रद्दीत टाकू नका. खाली उतरा, गाडीजवळ ती जमिनीवर पसरा आणि फिल्टर काढून तिच्यावर हलकेच आपटा. काय पडते ते पाहा. घरातल्या मुलांनाही बोलवा, मुलींना आधी. हात काळे झाले, तर साबणाने निघतात. मी पाहिले आहे.